मदत हवी आहे: गॅमा-रे बर्स्टचा २ सेकंदांचा नियम नेमका काय?

मंडळी, मी साताऱ्याचा, पोरगी अकरावीला, विज्ञान प्रदर्शनाला तिनं गॅमा-रे बर्स्ट (अंतराळातून अचानक येणारे गॅमा किरणांचे झोत) घेतलेत आणि आता अख्खं घर त्यातच अडकलंय. चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला अमेरिकेनं सोडलेल्या वेला उपग्रहांना १९६७ ला हे पहिल्यांदा दिसलं, हे लय भारी वाटलं. वातावरण हे किरण अडवतं म्हणून डिटेक्टर वरच लागतो, तेही कळलं. गाडी अडते पुढं. बर्स्ट २ सेकंदांच्या आतला असला तर न्यूट्रॉन ताऱ्यांची (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे) टक्कर, जास्त चालला तर मोठा तारा कोसळला, असं सगळीकडं सरळ लिहिलंय. १७ ऑगस्ट २०१७ चा बरोबर बसतो त्यात, टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहानं पकडलेला. मग डिसेंबर २०२१ चा जवळपास मिनिटभर चालला, तरी त्यात टक्करवाला किलोनोव्हा (अशा टकरीनंतर दिसणारा उजेडाचा भडका) कसा काय निघाला? पोरीनं चार्टवर २ सेकंदांपाशी लाल स्केचपेननं ही जाड रेघ मारून ठेवलीय, परीक्षकांनी विचारलं तर काय सांगायचं तिनं? आणि आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या डिटेक्टरचे ग्राफ कुठं बघायला मिळतील, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत विचारू का? 'गुगल करा' म्हणू नका, ते करूनच इथं आलोय.