अनुभव लिहा: शेजारच्या दारातलं प्रेम

परवा ‘पिरियाद वरम वेण्डुम’ पुन्हा पाहिला. २००१चा तमिळ सिनेमा, प्रशांत आणि शालिनी. शेजारी-शेजारी घरं, एकत्र वाढलेली मुलं, आणि प्रेम कळतं तेव्हा तोंडच उघडत नाही. नकार आला तर एकटी ती नाही, तिचं अख्खं घर दुरावणार. दिग्दर्शक कमल यांनी हीच गोष्ट आधी १९९९ साली मल्याळममध्ये ‘निरम’ म्हणून केली होती, त्यातही शालिनीच. मग तेलुगूत ‘नुव्वे कावाली’ आला आणि २००३ साली हिंदीत ‘तुझे मेरी कसम’. आपले रितेश-जिनिलिया पहिल्यांदा एकत्र दिसले ते याच गोष्टीत. भाषा बदलत गेल्या, पण ती भीती तीच. तुमच्या शेजारी असं काही घडलंय? मोकळेपणाने लिहा, नावं नकोत.

माटुंगा
आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, आम्ही आणि समोर तमिळ मामी. पहाटे त्या आपल्या दाराशी कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढायच्या आणि उरलेल्या पिठात आमच्या उंबऱ्यापुढेही चार ठिपके जोडायच्या. आमच्याकडून पुरणपोळी गेली की त्याच डब्यातून वत्तल कुळंबू, त्यांची चिंचेची आमटी, यायचं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे दोन्ही घरांत पक्कं.

हा सिनेमा त्यांच्याकडे टीव्हीवर पाहिला. मी आणि त्यांचा मुलगा खाली फरशीवर, मामी मागे सोफ्यावर शेंगा मोडत बसलेल्या. मला तमिळ ओ की ठो कळत नव्हतं, मामीच सांगायच्या. “पिरियाद म्हणजे न दुरावणारं. वरम म्हणजे तुमचंच वरदान. वेण्डुम, पाहिजे.” त्याचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि दोघंही हात हलवत नव्हतो. मागे शेंगा मोडल्याचा आवाज थांबला होता, एवढं आठवतं.

पुढच्या वर्षी तो शिकायला परदेशी गेला. आम्ही कधीच काही बोललो नाही. मामी आता कोइम्बतूरला असतात. दिवाळीला फोन येतो. आधी आईशी बोलतात, मग माझ्याशी, आणि ठेवताना दरवेळी विचारतात, “तुझं बरं चाललंय ना गं?”

चेन्नई
मी बोललो, म्हणून लिहितो. नोकरीमुळे वेस्ट मांबलमला भाड्याने राहत होतो, पलीकडच्या घरातल्या मुलीशी लग्न केलं. सासरे आठ महिने बोलले नाहीत. गेटवर समोर आले की पेपर तोंडापुढे धरायचे. मग २०१९चा उन्हाळा आला. शहराला पाणी पुरवणारी तळी आटली होती, नळ कोरडे, सगळी गल्ली टँकरच्या रांगेत. प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी घागरी, त्यांना इथे कुडम म्हणतात. माझा नंबर पुढे होता. सासऱ्यांनी मागून येऊन त्यांचे दोन हिरवे कुडम माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “मापिळ्ळै, हेही भरा.” मापिळ्ळै म्हणजे जावई. मी नळी धरून उभा होतो, कुडम कधीच भरून पाणी वाहत होतं. त्या दिवसांत एक थेंब सांडला तरी लोक ओरडायचे, पण कुणी काही बोललं नाही.

नाशिक
मला हे सिनेमे बघवत नाहीत. शेजारचा मुलगा माझा मित्र होता, फक्त मित्र. दोन्ही आयांनी मनातल्या मनात आमचं लग्न लावून टाकलं होतं. आम्ही नाही म्हटलं. भांडण झालं नाही. एक दिवस दोन कंपाउंडांमधल्या फाटकाला तार गुंडाळलेली दिसली. अशी मैत्री शेवटी लग्नातच जाते, असं सिनेमा सांगतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं. आम्ही दोघं काय चुकलो?

सांगली
फाटकाच्या ताई, तुम्ही काहीच चुकला नाहीत. मी तुमच्या आईच्या जागी आहे. माझ्या मुलाचं शेजारच्या मुलीशी जमावं असं फार वाटायचं, दोघांनी नको म्हटलं. तेव्हापासून मी तिच्या आईकडे हळदीकुंकवालासुद्धा गेले नाही. आज संध्याकाळी जाते आहे. लिंबाचं लोणचं घेऊन. बरणी त्यांचीच आहे, वर्षभर माझ्या फडताळात पडून राहिली.