घोडकाठच्या माळावरचे गारेचे तुकडे: माणसाने घडवलेला कोणता?

भटकंती_रविवारची:
नमस्कार. पुण्याहून मुलांना (वय 8 आणि 11) घेऊन सुट्टीला घोड-भीमेच्या काठचे माळ फिरायला जातो. शिरूर तालुक्यात नदीपासून दोनशेएक मीटरवर, उसाच्या बांधालगत तीन तुकडे दिसले. फोटो चढत नाहीयेत, म्हणून वर्णन देते.

पहिला दुधी, उजेडात धरला की कडेने आरपार दिसतो. लांबी 28 मिमी, रुंदी 9 मिमी, पाठीवर दोन उभे कंगोरे, पोट गुळगुळीत. दुसरा सुपारीएवढा, बाहेरून हिरवट साल, आत साखरेसारखे स्फटिक. तिसरा लाल, त्यावर टिकलीएवढा गोल खळगा.

यातला घडवलेला कोणता? याला चकमक म्हणायचं का? आणि मुलांना ते घरी आणू द्यावेत का? पाहून तिन्ही होते तिथेच ठेवलेत.

गाभा_आणि_पातं:
वर्णनावरून पहिला घडवलेला, दुसरा निसर्गाचा. तिसऱ्याचं सांगता येत नाही.

युरोपातली चकमक म्हणजे फ्लिंट. ती खडूसारख्या चुनखडीत तयार होते. आपल्या पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिका साचून कॅल्सेडनी, अकीक, जास्पर झाले. बोलीत सगळ्याच गारा. पण फुटतात चकमकीसारख्याच, शिंपल्यासारख्या वळणदार आणि धारदार, म्हणून इथल्या माणसाने सूक्ष्मास्त्रांसाठी, म्हणजे इवल्या दगडी हत्यारांसाठी, त्याच उचलल्या. तुमचा दुसरा तुकडा अशाच पोकळीचं अस्तर आहे: हिरवी साल बेसॉल्टला चिकटलेली बाजू, स्फटिक हा न भरलेला मधला भाग.

पहिल्याचं पोट तिरप्या उन्हात हळूहळू फिरवा. एका टोकाला बोटाला जेमतेम जाणवेल असा फुगवटा, त्या टोकावर घाव बसलेली इवलीशी सपाट जागा आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे तरंग दिसायला हवेत. फुगवटा नसला तरी लगेच टाकून देऊ नका. पाती, म्हणजे असे लांबट छिलके, मुद्दाम मोडून मधला भाग वापरत, त्यात दोन्ही टोकं गेलेली असतात. खरी साक्ष पाठीची. दोन समांतर कंगोरे म्हणजे याच्या आधी त्याच गाभ्यावरून (ज्या दगडातून छिलके काढतात तो), त्याच दिशेने तीन छिलके निघालेले आहेत. नैसर्गिक ठोकर एखादा टवका उडवेल, पण एकाच रेषेत ओळीने तीन उडवणं तिच्याकडून होत नाही.

मग 10 पटीच्या भिंगातून कड बघा. एकाच बाजूने सलग, सारख्या मापाचे बारीक टवके असतील तर ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवायला मुद्दाम बोथट केलेली कड. टवके उलटसुलट आणि आतला रंग ताजा, तर नांगराचा फाळ किंवा ट्रॅक्टरचं चाक.

तिसऱ्यावरचा खळगा उष्णतेचा. दगड तापला की पृष्ठभागाची टिकली उडते. उसाचं पाचट पेटवल्यानेही होतं, जुन्या चुलीतही होतं. त्यावरून माणसाचा हात ठरत नाही.

काळी_माती:
शोधायचं कसं, त्याबद्दल थोडं. वळवाची एक चांगली सर पडून गेल्यावर आणि पेरणीच्या आधी जा. धूळ धुतली जाते, गारा चमकतात. सकाळी नऊच्या आत, सूर्य समोर ठेवून चाला. कॅल्सेडनीच्या पातळ कडा उन्हात पेटल्यासारख्या दिसतात, पाठीमागून ऊन आलं तर तोच तुकडा खड्यात हरवतो. दोघांत दोन मीटर अंतर ठेवून एका ओळीत चालायचं. सुबक पात्यांच्या मागे लागू नका, आधी कचरा दिसतो का बघा. छिलके, चुरा आणि पन्हाळीसारख्या उभ्या खाचा असलेला बोटाच्या पेराएवढा गाभा एकत्र दिसला तर तिथेच बसून घडवलेलं आहे. डांबरी रस्त्याजवळची खडी मात्र सोडून द्या.

काळ्या रानात खोलीवरून वय लावू नका. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरचं आत जातं, आतलं वर येतं.

मुलं बरोबर असतील तर दगड हाताने उलटायचा नाही, काठीने, आणि आपल्या दिशेने नाही. मुरमाड माळावर दगडाखाली फुरसं असतं. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. नदीची उभी दरड खालून पोखरलेली असते, तिच्याखाली आणि काठावर दोन्हीकडे उभं राहू नका. आणि शेतमालकाला आधी विचारा. बांधावरून ओरडून नाही, घरी जाऊन.

घोडकाठ:
घरी आणण्याबद्दल: नको. पात्याची निम्मी माहिती ते कुठे आणि कशाच्या शेजारी पडलंय यात असते. खिशात गेलं की तो फक्त एक सुंदर दगड उरतो.

त्याऐवजी तुकडा आहे तिथेच ठेवून शेजारी फूटपट्टी टाका. वरून एक फोटो, मग पाच पावलं मागे येऊन झाड किंवा विहीर दिसेल असा दुसरा. फोनमधलं अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच घरांपर्यंत टिपा. मुलांनी वहीत तुकड्याची पाठ, पोट आणि कड अशी तीन चित्रं काढावीत. कंगोरे काढताना ते डोळ्यांना कायमचे कळतात. घासू नका, आम्लात तर बुडवूच नका. धान्य किंवा गवत कापलेल्या कडेला एक चकाकी येते, ती तपासता आली पाहिजे.

उकरायचं अजिबात नाही. उत्खननाला परवाना लागतो. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुनी घडवलेली वस्तू पुरावशेष ठरते. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून एखादं पातं पाठवणंही त्यात बसत नाही.

भटकंती_रविवारची:
पोटावर तरंग आहेत, फुगवटाही लागतो. आणखी एक: तीन-चार पावलांवर केशरी-लाल खापराचे तुकडे आहेत, एकावर काळ्या रेघा. वाजवलं की टणक आवाज येतो.

गाभा_आणि_पातं:
मग हे जोर्वे पद्धतीचं, म्हणजे त्या काळातलं लाल, काळ्या नक्षीचं भांडं असू शकतं आणि पातं ताम्रपाषाणयुगातलं. त्या काळी तांबं होतं, पण थोडं, म्हणून रोजची कापाकापी गारेच्या पात्यांनीच होई. घोडकाठच्याच इनामगावला 1968 ते 1982 मध्ये डेक्कन कॉलेजने खणून काढलेली वस्ती साधारण इ.स.पू. 1600 ते 700 ची आहे. अशी पाती त्याआधीच्या मध्याश्मयुगातही, म्हणजे शिकारीवर जगणाऱ्या माणसांच्या काळातही सापडतात, पण नुसत्या पात्यावरून ते युग ठरवता येत नाही, ते याचसाठी.

खापरांचेही तसेच फोटो घ्या, पात्यापासूनचं अंतर पावलांत नाही, टेपने मोजा. सगळं येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. गावाचं आणि शेतमालकाचं नाव त्यांनाच कळवा, इथे उघड लिहू नका.