इंटरनॅशनल लॉ असतो तरी कोणासाठी?

खाडीपलीकडची:
धाकटा भाऊ बोटीवर ऑइलर (इंजिनरूममधला खलाशी) आहे. पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय आणि एजंट म्हणतो रूट लाल समुद्रातून असू शकतो. आई दिवसभर बातम्या लावून बसलेली. परवा जेवताना बाबा म्हणाले, युनो काय, हेग काय, जिनिव्हा काय, सगळं कागदावर, ज्याच्या हातात मिसाइल त्याचाच कायदा. मला पटलं नाही, पण उत्तरही सुचेना. गाझा, युक्रेन बघून तर वाटतंच ना तसं. आपल्यासारख्या घरांना ह्या कायद्याचा खरंच काही उपयोग आहे का?

सड्यावरचो:
बाबा बरोबर बोलले. निकाराग्वाच्या (मध्य अमेरिकेतला छोटा देश) केसमध्ये १९८६ला हेगच्या कोर्टाने अमेरिकेच्या विरोधात निकाल दिला, मग सुरक्षा परिषदेत त्याच्या अंमलबजावणीचा ठराव आला तर अमेरिकेनेच व्हेटो मारला, विषय संपला. २०१६ला साउथ चायना सीच्या केसमध्ये फिलिपिन्स जिंकलं, चीन म्हणाला आम्ही मानतच नाही. लांब कशाला, आपल्याच १२ सागरी मैलांत परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर घुसून बांगडा साफ करून नेतात आणि गस्तीची बोट येईस्तोवर ते पसार. आमचे आजोबा म्हणायचे, कायदो आसा रे, पण बोट खंय आसा?

कुडाळची_वकील:
@सड्यावरचो तुमची दोन्ही उदाहरणं खरी आहेत पण सोयीची निवडलीत. २०१४ला बंगालच्या उपसागरातल्या भारत-बांगलादेश हद्दीच्या वादात लवादाच्या निकालाने साधारण २५,६०० चौ. किमीपैकी १९,४६७ बांगलादेशला गेलं, आणि भारताने, एवढा मोठा देश असून, गुपचूप मान्य केलं. कुलभूषण जाधवांचं घ्या. १९६३च्या व्हिएन्ना करारात अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीला भेटू द्यायचं असं आहे, पाकिस्तानने भेटू दिलं नाही. २०१९ला हेगच्या कोर्टात १५ विरुद्ध १ने निकाल आपल्या बाजूने. सुटका झाली नाही हे खरं, पण फाशी अडली ती ह्याच कागदामुळे.
युद्ध सुरू करणाऱ्याला हा कायदा क्वचितच अडवतो, ते मी पण मान्य करते.

निवृत्त_बोसन:
ताई, ही मोठ्या देशांची भांडणं बाजूला ठेव, भावाच्या कामाचं सांगतो. आमची बोट एकदा एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून पडलेली, मालक गायब, पगार नाही, डिझेल संपत आलेलं, म्हणून जनरेटर रात्री बंद. पाऊस आला की हॅच कव्हरवर ताडपत्री ताणून पाणी धरायचो आणि डाळभात, डाळभात, डाळभात. पाच महिने. तेव्हा दाद मागायची कुठे तेच कळत नव्हतं. आता एमएलसी २००६, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने २०१५ला मंजूर केलाय, आणि २०१७पासून नियम असा की मालकाने सोडून दिलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवणखाण आणि घरी आणायचा खर्च विम्यातून. दोन महिने पगार नाही मिळाला तरी सोडून दिलं असंच धरतात. त्या विम्याचं सर्टिफिकेट बोटीवर दिसेल असं लावायचं असतं, आमच्या शेवटच्या बोटीत मेसरूमच्या दाराशेजारी होतं, चहा सांडून सांडून पिवळं पडलेलं.
लाल समुद्राचं म्हणशील तर गॅलक्सी लीडर ह्या बोटीचे २५ जण येमेनच्या हुथींनी नोव्हेंबर २०२३ला पकडले ते जानेवारी २०२५ला सुटले. तिथे कायदा मिसाइल अडवत नाही. पण आयटीएफचा (वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय युनियन) करार असलेल्या बोटीवर अशा भागात जायला नाही म्हणायचा हक्क असतो आणि परतीचं तिकीट कंपनीचं. सही करायच्या आधी करार आहे का ते विचारायला सांग, नंतर विचारून उपयोग नाही. आणि एजंटचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या सरकारी लायसन्सचा) डीजी शिपिंग ह्या सरकारी खात्याच्या साइटवर तपासा, हे पहिलं.

खाडीपलीकडची:
काका, थँक्यू. एजंटला काल रात्रीच दोन्ही विचारलं, नंबर आणि करार. ब्लू टिक आल्यात. उत्तर नाही.

निवृत्त_बोसन:
मग पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) अजिबात त्याच्या हातात देऊ नका.