हेब्बेलचं 'मारिया माग्दालेना' कोकणात आणतोय, पण शेवटावरून ग्रुपमध्ये वाद झालाय. मदत करा

पडवीतला:
नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावातली हौशी नाटकवाली माणसं. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता शोधताना फ्रिडरिश हेब्बेल या जर्मन नाटककाराचं 'मारिया माग्दालेना' इंग्रजीतून वाचलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. अँटोन नावाचा सुतार, सचोटीचा पण आडमुठा, त्याची मुलगी क्लारा. लिओनार्ड नावाच्या कारकुनाशी तिचं लग्न ठरलंय, तिला दिवस गेलेत आणि घरात कुणाला माहीत नाही. तेवढ्यात भावावर चोरीचा आळ येतो, पोलीस दारात येतात आणि आई धक्क्यानं जागच्या जागी जाते. लिओनार्डला आधीच कळलेलं असतं की हुंड्याचे पैसे बापाजवळ उरले नाहीत, त्याला चोरीचं निमित्त मिळतं आणि तो लग्न मोडतो. बाप आईच्या प्रेतासमोर मुलीला शपथ घालतो आणि पुढे सांगतो की तूही नाव घालवलंस तर दाढी करता करता वस्तरा स्वतःच्याच गळ्यावर फिरवीन. शेवटी मुलगी विहिरीत.

वाद असा की अर्ध्या ग्रुपला लिओनार्डला पक्का खलनायक करायचाय, आणि शेवटी बापानं मुलीच्या प्रेतावर पडून रडावं असं वाटतंय. मूळ नाटकात बाप फक्त म्हणतो, 'मला आता जगच कळेनासं झालंय', आणि पडदा. त्यांना हे फार कोरडं वाटतं. मला वाटतं हात लावू नये, पण का ते नीट सांगता येत नाही. आणि नाटकात मारिया कुणीच नाही, मग हे नाव का?

सुरंगी:
आधी नावाचं सांगते. मारिया माग्दालेना म्हणजे बायबलमधली, लोकपरंपरेनं जिला पापी बाई मानलं आणि जिला येशूनं जवळ केलं ती. हेब्बेलला आधी साधं 'क्लारा' ठेवायचं होतं. नाव बदलल्यामुळे काय झालं बघा, माग्दालेनाला क्षमा मिळाली, इथे क्लाराला क्षमा करणारं अख्ख्या नाटकात कुणीही नाही. बाप नाही, लिओनार्ड नाही, आणि लहानपणापासून जिच्यावर जीव आहे असं म्हणणारा तो सेक्रेटरीसुद्धा नाही. ती धीर करून त्याला खरं सांगते तर तो म्हणतो, हे कुठल्याच पुरुषाला गिळता येणार नाही.

खलनायकाबद्दल: कृपा करून करू नका. हेब्बेल नुसता नाटककार नव्हता, टीकाकार म्हणूनही जबरदस्त होता. (श्टिफ्टर या ऑस्ट्रियन लेखकाची एक लांबलचक कादंबरी टीकाकार म्हणून बांधील नसताना कुणी शेवटपर्यंत वाचली तर त्याला पोलंडचा मुकुट देईन असं त्यानं परीक्षणात लिहिलं होतं!) १८४४ मध्ये हे नाटक छापताना त्यानं मोठी प्रस्तावना लिहिली. त्याचं म्हणणं असं की तोपर्यंत मध्यमवर्गीय घराची शोकांतिका म्हणजे वरच्या वर्गातला कुणीतरी येणार आणि गरिबाच्या मुलीला नासवणार, म्हणजे संकट बाहेरून. त्याला ते खोटं वाटायचं. त्याला दाखवायचं होतं की त्या घराच्या आत, त्यांच्याच नीतीच्या कल्पनांत माणसं इतकी आवळलेली असतात की बाहेरचा कुणी लागतच नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर आणि तरी मुलगी मरते. लिओनार्डला राक्षस केलात की प्रेक्षक सगळं त्याच्यावर टाकून मोकळा होतो आणि घरी जाऊन जेवतो.

हेही लक्षात ठेवा की इब्सेनचं 'बाहुलीचं घर' १८७९ चं आहे आणि हे त्याच्या पस्तीस वर्षं आधीचं. नायिका गरोदर म्हणून बर्लिनला हे तेव्हा नाकारलं, पहिला प्रयोग १८४६ मध्ये क्योनिग्सबेर्गला झाला.

खाडीपलीकडचा:
सुरंगीताईंशी सहमत. मी थोडं त्याच्या आयुष्याबद्दल लिहितो कारण त्याशिवाय तो बाप कळत नाही.

हेब्बेलचा जन्म १८१३ चा, वेसेलब्युरेन गावचा, म्हणजे उत्तर समुद्राच्या काठचा, आपल्यासारखाच किनाऱ्यावरचा माणूस. बाप गवंडी, घरात दारिद्र्य. बाप गेला आणि चौदाव्या वर्षी हा गावच्या अधिकाऱ्याकडे लिहिण्याच्या कामाला लागला, तिथे नोकरांच्या पंगतीत जेवण आणि गाडीवानाबरोबर एका बिछान्यात झोप. हा अपमान तो जन्मभर विसरला नाही. पुढे म्युनिकला एका सुताराच्या घरी राहायला होता, त्या सुताराचं नाव अँटोन, त्याच्या मुलीशी याचं प्रेमप्रकरण झालं आणि तिच्या भावाला खरंच पोलिसांनी पकडून नेलं. म्हणजे नाटकातला सुतार त्यानं जवळून बघितलेला. पैसे संपले तेव्हा मार्च १८३९ मध्ये म्युनिकहून हाम्बुर्गपर्यंत चालत गेला, बरोबर एक छोटा कुत्रा.

आणि आता जे मला सर्वात जास्त टोचतं ते. हाम्बुर्गला एलिझे लेन्झिंग म्हणून बाई होती, शिवणकाम करून त्याला पोसायची. तिला त्याच्यापासून मुलगा झाला, लग्न नाही. डेन्मार्कच्या राजाची प्रवासवृत्ती मिळाली म्हणून हा पॅरिसला होता तेव्हा १८४३ मध्ये तो पोरगा गेला, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये यानं हे नाटक पूर्ण केलं. पुढे १८४६ मध्ये व्हिएन्नाला क्रिस्टीने एंगहाउस या नटीशी लग्न केलं. एलिझेचं काय झालं? दुसरा मुलगाही गेला, मग ती काही काळ व्हिएन्नाला त्या दोघांकडे येऊन राहिली आणि दोघी बायकांचं चांगलं जमलं. म्हणजे नाकारलेल्या बाईचं दुःख इतकं नेमकं लिहिणारा माणूस स्वतः घरात काय करत होता बघा. मी त्याला माफ करत नाही, पण सेक्रेटरीच्या तोंडचं ते वाक्य त्याला कुठून सुचलं असेल ते मात्र मला कळतं.

भंडारवाडा:
मी नाटकातला जाणकार नाही, देवगडकडचा आहे, पण विहिरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वाडीत मी सातवीत असताना एक मुलगी बावीत गेली. सकाळी रहाटाजवळ तिची कळशी उभी होती, आडवी पडलेली नाही, उभी, आणि चुंबळ शेजारी नीट ठेवलेली. हे बघणारी चारपाच माणसं होती, त्यात माझी आजी. तरी त्या दिवसापासून आजपर्यंत वाडीत एकच वाक्य, 'पाय घसारलो'. आजी मरेपर्यंत तेच म्हणायची, आणि एकदाच, मला वाटतं मी कॉलेजला असताना, भाकरी थापता थापता म्हणाली, 'कळशी उभी होती रे.' पुढे काहीच नाही.

तुमचा धागा वाचून मी ते नाटक काल रात्रीच नेटवर वाचून काढलं. भाऊ पाणी मागतो, ताजं पाहिजे म्हणतो, आणि क्लाराला केवढं हायसं वाटतं, कारण आता विहिरीवर जायला कारण मिळालं, लोक म्हणतील बिचारी पडली. आणि शेवटी भाऊ येऊन सांगतो की ती पडली नाही, तिनं उडी मारली, एका मोलकरणीनं बघितलं. त्यावर बाप काय म्हणतो? तिनं बोलण्याआधी विचार करावा, नक्की दिसण्याइतका उजेड नव्हता! मुलगी मेली आहे आणि हा उजेड मोजतोय. इथे मी मोबाईल खाली ठेवला.

रडवू नका हो त्या बापाला. आमच्याकडे कुणी रडलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांसमोर तरी नाही.

सुरंगी:
दादा, हे वाचून काय लिहू कळत नाही.

पडवीतला, त्याच प्रसंगात सेक्रेटरी लिओनार्डशी द्वंद्व करून मरायला टेकलेला असतो आणि बापाला सुनावतो की तुम्ही पाठीमागे फुत्कारणाऱ्या जिभांचा विचार केलात, त्या कुठल्या सापांच्या आहेत ते नाही बघितलंत. आणि लगेच स्वतःलाही त्यात धरतो. हे कापू नका, वेळ कमी पडला तर दुसरं काहीतरी कापा.

आणि बापाचा चांगुलपणाही ठेवा. हुंड्याचे पैसे गेले कसे? ज्या उस्तादानं त्याला फुकट काम शिकवलं त्याला अडीनडीला दिले, आणि तो मेल्यावर कर्जाचा कागद गुपचूप त्याच्या शवपेटीत ठेवला. असा माणूस आहे तो.

पडवीतला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तालमीत भंडारवाडादादांची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली, तुमचं गाव वगैरे काही सांगितलं नाही. बापाचं काम करणारे काका स्वतः सुतार आहेत, रंधा मारून मारून हाताला घट्टे पडलेत. तेच रडायचा सीन पाहिजे म्हणून अडून बसले होते. वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प होते, मग उठून उजेडाचं ते वाक्य म्हणून बघितलं. पहिल्यांदा ओरडून. दुसऱ्यांदा अगदी हळू, खाली बघत, गुडघ्यावरचा भुसा झटकत. आम्ही दुसरंच ठेवलंय.

आता प्रश्न रहाटाचा. रंगमंचावर विहीर दाखवायची की नुसता आवाज? माझं मत आवाजाकडे आहे, पण आमच्याकडे आता सगळीकडे पंप बसलेत, जुना लाकडी रहाट कुणाकडे चालू असेल तर रेकॉर्ड करायला येऊ.

भंडारवाडा:
आमच्याकडे आहे. तेल घालू नका सांगतो घरी, या.