मदत हवी आहे: डी५३०० कॅमेरा बदलू की आधी लेन्स घेऊ? (नागपूर, पक्षी आणि पेंच)

धागाकर्ती
नमस्कार. सध्या निकॉन डी५३००, सोबत १८-५५ आणि ७०-३०० एएफ-पी डीएक्स (एफ/४.५-६.३) या लेन्स. वापर म्हणजे अंबाझरी-गोरेवाड्याचे पक्षी आणि हिवाळ्यात पेंचचं जंगल. बजेट ६० हजार. तक्रारी तीन: पहाटे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ला फोटो खरखरीत येतात, उडता पक्षी फोकसमधून निसटतो, आणि रॉ (प्रक्रिया न केलेल्या फाइल) मध्ये पाच-सहा फोटो झाले की कॅमेरा अडून बसतो. डी७२०० किंवा डी७५०० घ्यावा, लांब लेन्स घ्यावी, की थेट मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याकडे वळावं? १ ऑक्टोबरला जंगल उघडायच्या आत ठरवायचं आहे.

रानपिंगळा
ताई, दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ कॉम्प्युटरसमोर बसा. फसलेले १०० फोटो काढा, प्रत्येक १०० टक्के मोठा करून बघा आणि चार ढीग करा.

पहिला ढीग हललेल्या फोटोंचा: फांदी, पक्षी सगळंच एका दिशेने पुसलेलं. दुसरा: पक्षी स्पष्ट, पण इतका लहान की क्रॉप केल्यावर काही उरत नाही. तिसरा: पक्षी पुसट आणि मागची किंवा पुढची फांदी धारदार, म्हणजे फोकस चुकला. चौथा: नेमका क्षण बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी साठतात ती मेमरी) भरल्यामुळे गेला. तो फोटो निघालेलाच नसतो, म्हणून सलग काढलेल्या फोटोंच्या रांगेतला शेवटचा फोटो मोजा. फोटो बघताना शटर स्पीड आणि आयएसओ लिहून ठेवा. ढिगांचे आकडे इथे टाका, मग बोलू.

धागाकर्ती
केलं. हललेले ४६, लहान पक्षी ३१, फोकस चुकलेले १५, बफर ८. हललेल्यांत बहुतेकांचा शटर १/२०० ते १/३२० आहे.

रानपिंगळा
मग ४६ फोटोंचा इलाज फुकट आहे. ३०० मिमी गुणिले १.५ (तुमच्या लहान सेन्सरचा गुणक) म्हणजे ४५०, तेव्हा बसलेल्या पक्ष्यालाही हातात कॅमेरा धरून १/५०० हवाच. व्हीआर (लेन्समधली कंपरोधक सोय) तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, पक्ष्याने मान फिरवली तर ते काही करू शकत नाही. उडत्याला १/१६०० ते १/२०००. एम (मॅन्युअल) मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) पक्कं करा, आयएसओ ऑटो ठेवा आणि कमाल ६४०० द्या.

त्याने आयएसओ वाढेल हे खरं. पण आयएसओ कमी ठेवून अंधारा काढलेला फोटो नंतर उजळवला, तर तोही तितकाच किंवा जास्त खरखरीत दिसतो. नीट एक्सपोजर मिळालेला ६४०० चा फोटो नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला पुष्कळ सोपा जातो.

बफरसाठी रॉ १४ बिटवरून १२ बिटवर आणा, रांग लांबते. वेगवान कार्ड टाका, साठलेलं लवकर रिकामं होतं. एईएल-एएफएल बटणाला कस्टम सेटिंगमधून एएफ-ऑन (फोकस सुरू करायचं काम) द्या, फोकस एएफ-सी (सतत फोकस) वर आणि ९ पॉइंट डायनॅमिक ठेवा. डी५३०० च्या ३९ फोकस पॉइंटपैकी क्रॉस पॉइंट (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) फक्त मधले ९ आहेत, म्हणून पक्षी मध्यभागीच धरा आणि रचना नंतर क्रॉप करताना साधा.

संत्रानगरी_क्लिक
दुसऱ्या ढिगाबद्दल. ३०० मिमीची चौकट ५०० मिमीइतकी होईपर्यंत क्रॉप केली, तर २४ मेगापिक्सेलपैकी साधारण साडेआठच उरतात. खरखर एवढी दिसण्याचं मोठं कारण हेच, तुम्ही ती ताणून बघताय. बॉडी डी७५०० केली तरी हे गणित बदलत नाही. म्हणून माझं मत स्वच्छ आहे: आधी लेन्स.

निकॉन २००-५०० एफ/५.६ तुमच्या बॉडीवर ऑटोफोकससह चालते. प्रकाशाचा फायदा मात्र जेमतेम एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणजे पहाटेचा अंधार तिने मिटणार नाही, पक्षी मोठा होईल एवढंच. वजन सव्वादोन किलोच्या वर. पट्टा बॉडीला लावू नका, लेन्सच्या कॉलरला लावा, नाहीतर सगळा भार माउंटवर (लेन्स-बॉडीच्या जोडावर) येतो. जिप्सीत दोन-तीन किलो तांदूळ भरलेली बीनबॅग कठड्यावर टाकली की ट्रायपॉडची गरज नाही.

दुसरा पर्याय सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, दोन किलोच्या आत. ६०० ला एफ/६.३, त्यामुळे कमी उजेडात फोकस रेंगाळतो. पण तिची वेगळी यूएसबी डॉक मिळते, तिने लेन्सचाच फोकस वेगवेगळ्या अंतरांना सुधारता येतो. डी५३०० मध्ये एएफ फाइन-ट्यून (बॉडीतूनच फोकसची जुळणी सुधारायची सोय) नाही, म्हणून तुमच्यासाठी ही बाब मोठी.

तिसऱ्या ढिगासाठी आधी एक चाचणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, ८-१० मीटरवर छापील कागद ४५ अंशांत तिरपा. दर वेळी फोकस विस्कटून व्ह्यूफाइंडरमधून १० फोटो, मग लाइव्ह व्ह्यूमधून १०, दोन्ही टायमर लावून. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे नेहमी एकाच बाजूला सरकलेले असतील, तर जुळणीचा दोष आहे, सेवा केंद्रात बॉडी आणि लेन्स दोन्ही द्या. कधी पुढे कधी मागे असेल, तर प्रकाश किंवा पद्धत कमी पडतेय.

धागाकर्ती
मग बॉडी कधी बदलायची? आणि लेन्स वापरलेली घेतली तर काय बघू?

रानपिंगळा
लेन्स आणि सेटिंग नीट झाल्यावर पुन्हा १०० फोटो चाळा. तिसरा-चौथा ढीग मिळून निम्म्यावर गेला, तर बॉडीची वेळ आली. डी५३०० चा फोकस उणे १ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार), डी७२०० आणि डी७५०० चा उणे ३ पर्यंत, हा फरक पहाटे कळतो. डी७२०० ला दोन कार्ड स्लॉट, १४ बिट रॉ ची रांग १८. डी७५०० ला एकच स्लॉट, पण सेकंदाला ८ फोटो आणि रांग ५०. पक्ष्यांना डी७५००. दोघांनाही बॅटरी वेगळी लागते, तो खर्च धरा. मिररलेसमध्ये निकॉनच्या झेड५० ला पक्षी ओळखता येत नाही, २०२४ च्या झेड५० टू ला येतो. एफटीझेड अडॅप्टरवर (आपल्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा तुकडा) तुमची एएफ-पी आणि २००-५०० दोन्ही ऑटोफोकससह चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्स पुढे वाया जात नाही.

संत्रानगरी_क्लिक
वापरलेली लेन्स: मोबाइलचा टॉर्च मागून मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, घेऊ नका. ॲपर्चर पात्यांवर तेल नको. झूम आणि फोकस रिंग करकरत असेल तर आत धूळ आहे. बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्याशी जुळवा. स्वतःची बॉडी घेऊन जा आणि जवळ-दूर दोन्हीकडे फोकस लावून पाहा. बॉडी घ्याल तेव्हा न छेडलेली जेपीईजी मागा, शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) तिच्यात असतो. डी७२०० आणि डी७५०० चा शटर १,५०,००० फोटोंपर्यंत तपासलेला आहे.

आपल्याकडे दोन गोष्टी जपा. जुलै-सप्टेंबरात हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांवर असू द्या. मे महिन्यात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नका, निकॉनने कामाची मर्यादा ४० अंश दिली आहे आणि आपला पारा तिच्या वर जातो. उन्हाळ्यात नऊनंतर जमिनीवरून उठणाऱ्या लहरींमुळे लांबचा फोटो वितळल्यासारखा येतो, त्याचा दोष लेन्सला देऊ नका.

खरेदी ऑगस्टअखेरपर्यंत उरका. सप्टेंबर पूर्ण फुटाळा तलावावर बगळे आणि घारी टिपा, म्हणजे लेन्समध्ये दोष असेल तर जंगल उघडायच्या आत कळेल आणि सव्वादोन किलो धरायची हाताला सवयही होईल.