प्रबंधाची संदर्भसूची: बिबटेक पुरे, की बिबलाटेक-बायबरच हवं?

खाडीकाठ (रत्नागिरी): जयगड खाडीतल्या मासेमारीवरचा प्रबंध लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर छपाईसाठी बसवणाऱ्या प्रणालीत, लिहितेय. त्यात संदर्भसूची बसवायचं जुनं साधन बिबटेक, आणि नवी जोडी बिबलाटेक व त्याच्यासाठी नोंदी क्रमाने लावणारं बायबर. संदर्भ निम्मे इंग्रजी, निम्मे मराठी. माझं ठाम मत आहे की मराठी संदर्भ वापरणाऱ्याने बिबटेक सोडावं. ते १९८५ सालचं, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्याच्या) आधीचं. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षर तीन बाइटचं असतं आणि बिबटेक एक बाइट म्हणजे एक अक्षर धरतं. नावाचं आद्याक्षर काढायला सांगितलं की तिनातला एकच बाइट उचलतं आणि अक्षर मोडतं. अकारविल्हे क्रमही बिघडतो. काळे आधी, काशीद नंतर! कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसलाय. आपण शाळेत ळ शिकलो तो ह च्या नंतर. बायबरला मराठी क्रम लावायला सांगता येतं. आपल्या लेखकांची नावं आपल्या वर्णमालेने लागावीत, एवढीच माझी मागणी आहे.

देवगडकर: तुमचा म्हणणा पटता, पण छापणाऱ्याचं काय? हापूसवरचा माझा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला, कारण त्यांची शैली बीएसटी फाइलीत (बिबटेकच्या शैलीच्या फाइलीत) होती आणि मी बिबलाटेक वापरलं होतं. दोन दिवस सगळं परत बसवण्यात गेले. ज्याला इंग्रजीत लेख छापायचेत त्याने बिबटेकच शिकावं. एक मात्र सांभाळा. बिबटेकची 'प्लेन' शैली लेखाच्या शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करते. रोमन लिपीतल्या कोकण, रत्नागिरी या शब्दांना महिरपी कंस घाला, नाहीतर गावाचं नाव लहान अक्षराने छापलं जातं.

दापोलीची: दोघांशीही असहमत. पन्नासेक संदर्भ असतील तर सूची सरळ हाताने टाइप करा. मी तशीच केली. प्रत्येक नोंद डोळ्यांखालून गेली, त्यात माझ्याच तीन चुका सापडल्या.

खाडीकाठ: ताई, माझ्या मार्गदर्शकांनी श्रावणात सांगितलं की आकड्यांचे संदर्भ नकोत, लेखक-वर्ष हवं. मी एक ओळ बदलली. तुम्हाला अख्खा प्रबंध पुन्हा चाळावा लागला असता.

दापोलीची: ते खरं. पण नोंदी तपासायच्या राहून गेल्या तर यंत्र चुकीचंच नेटकं छापतं.

वेंगुर्ल्याचा: दापोलीच्या ताईंचं हे शेवटचं वाक्य धरून ठेवा. माझ्याकडे आलेल्या बिब फाइलींत (संदर्भांच्या नोंदींच्या फाइलींत) बहुतेक घोळ नोंदींतच असतात. दोन लेखकांच्या मध्ये लोक 'आणि' लिहितात. तिथे रोमन लिपीतलं 'अँड'च हवं, नाहीतर दोघांचा एक लेखक होतो. उलट एखाद्या संस्थेच्या इंग्रजी नावात 'अँड' असेल तर संस्थेचे दोन तुकडे होतात, म्हणून संस्थेचं नाव जादा महिरपी कंसात. नावाच्या शेवटी 'महाराज' आलं की तेच आडनाव समजलं जातं, तिथेही कंस.

सगळ्यात अवघड जुनी मराठी पुस्तकं. मुखपृष्ठावर नुसतं 'शके १८०२'. वर्षाच्या रकान्यात हे शब्द टाकले की बायबर कुरकुरतं, कारण त्याला तिथे आकडा हवा. त्यात शके १८०२ म्हणजे साधारण एप्रिल १८८० ते मार्च १८८१, मग साल कुठलं धरायचं? मी तारखेत १८८०/१८८१ असा पल्ला देतो आणि शके टिपेत लिहितो. पुस्तकावर जे छापलंय ते वाचकाला दिसलंच पाहिजे.

देवगडकर: आणि रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटिअर? मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड. लेखक कोण लिहायचा?

वेंगुर्ल्याचा: लेखक रिकामा ठेवा, संपादक भरा, खंडाचा आकडा वेगळ्या रकान्यात. इथे बिबटेकही चालेल, हे मान्य करतो.

खाडीकाठ: इंग्रजी लेखांसाठी देवगडकरांचं ऐकते. प्रबंधात मात्र बायबरच.

दापोलीची: मग क्षीरसागर कुठे लावणार? माझ्या सूचीत ते क मध्ये आहेत. वाचक तिथेच शोधेल.

खाडीकाठ: वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी आहेत, तसेच माझ्या सूचीतही. ळ नंतर क्षीरसागर.

दापोलीची: मी क मधून हलवणार नाही.