अनुभव धागा : नो पार्किंगचा दंड आणि आपले म्हणणे

नो पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीला दंड व्हावा की होऊ नये, हा या धाग्याचा विषय नाही. तो व्हायलाच हवा, असे मी धरून चालतो. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 मध्ये हा दंड 200 रुपयांवरून 500 झाला आणि तीच चूक पुन्हा केल्यास तो 1,500 आहे. त्याआधी जुलै 2019 मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळापासून 500 मीटरच्या आत बेकायदा लावलेल्या गाड्यांना थेट 5,000 ते 23,000 रुपयांपर्यंतचा दंड जाहीर केला होता. रकमेवर त्यामुळे भरपूर बोलून झाले आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते इतकेच की, दंड झाला त्या जागी नियम आधी दिसत होता का, आणि आपण बाजू मांडायला गेलात तेव्हा ती कोणी ऐकून घेतली का. सुरुवात मीच करतो.

आमच्या पेठेतल्या रस्त्यावर एका बाजूला पी-1 आणि समोर पी-2 असे फलक आहेत. विषम तारखेला इकडे, सम तारखेला तिकडे. रोज सकाळी साडेसहाला दूध आणायला उतरलो की स्कूटर पलीकडे नेऊन लावायची, ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की 31 तारखेनंतर 1 तारीख येते आणि दोन्ही विषमच असतात, हे डोक्यातच आले नाही. अकरा वाजता खाली आलो तेव्हा स्कूटर नव्हती. डांबरावर खडूने तिचा नंबर आणि चौकीचे नाव लिहिलेले होते, त्यातले शेवटचे दोन आकडे रिक्षांच्या चाकांनी पुसले होते. आमच्या ओळीतल्या आणखी तीन दुचाकी त्याच चुकीपायी गेल्या होत्या. त्यांना खेटून उभी असलेली मोठी मोटार मात्र जागेवरच होती. चूक माझी होती, हे मी चौकीत आधीच कबूल केले आणि मग मोटारीचे विचारले. “दंड भरा आणि गाडी घेऊन जा, मान्य नसेल तर कोर्टात जा,” एवढेच उत्तर मिळाले. पाचशे रुपयांसाठी रजा टाकून कोर्टाची पायरी कोण चढणार? मीही चढलो नाही.

एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या ताईंनी लिहिलेले :

मला दंड झाल्याचे मोबाइलवरच्या संदेशातूनच कळले. चलनासोबतचा फोटो उघडून पाहिला, तर त्यात माझ्या गाडीची नंबरप्लेट आणि मागच्या चाकाचा अर्धा भाग, याव्यतिरिक्त काही नव्हते. फलक नाही, पिवळा पट्टा नाही, रस्ता कोणता हेही नाही. मी ऑनलाइन तक्रार केली, तिच्यावर नऊ दिवसांनी “अमान्य” असा एका शब्दाचा शेरा आला. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून ते नंतर प्रणालीत चढवू नयेत, अशी ताकीद राज्यात जुलै 2025 मध्ये दिली गेली, हे वाचून बरे वाटले. पण फोटोत नियम मोडलेला दिसलाच पाहिजे, ही माझी मूळ मागणी त्याहून वेगळी आहे.

लंडनहून आलेला अनुभव :

येथे दंडाची नोटीस वाहतूक पोलीस देत नाहीत, स्थानिक कौन्सिल देते, आणि 14 दिवसांत भरल्यास निम्मीच रक्कम घेते. माझ्या बाबतीत वेळांचा फलक खांबावर फिरून भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून कौन्सिलला पाठवले. कौन्सिलकडे दोनदा दाद मागितली, दोन्ही वेळा नकार मिळाला. त्यानंतर कौन्सिलपासून स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि तिथे फोनवर वीस मिनिटांच्या सुनावणीत दंड रद्द झाला. मात्र तिथवर गेल्यास सवलत हातची जाते आणि हरल्यास पूर्ण रक्कम भरावी लागते, त्यामुळे खरी बाजू असलेलेही बरेच जण निम्मे पैसे भरून गप्प बसतात. माझी पत्नीही मला तेच सांगत होती.

निवृत्त वाहतूक हवालदारांनी फोनवर सांगितलेले, त्यांच्या परवानगीने :

टोइंगच्या गाडीवरची मुले ठेकेदाराची असतात आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते उचललेल्या गाडीमागे. दुचाकी दोघांनी दांड्याला आणि मडगार्डला धरली की अर्ध्या मिनिटात वर जाते. मोटारीला जॅमर लावा, पावती फाडा, मालकाची वाट पाहा, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन येणार. मी ड्यूटीवर असताना आधी भोंग्यावरून नंबर पुकारायला लावायचो आणि गाडी हलण्यापूर्वी मालक धावत आला, तर उतरवून फक्त दंड घ्यायचो. मुले त्यावर नाराज असत, कारण त्यांचा आकडा भरत नसे. सगळेच हवालदार असे करत होते, असे मी म्हणणार नाही.

(ती मोटार जागेवरच का राहिली, या चौकीत विचारलेल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे तीन वर्षांनी मिळाले.)

किराणा मालाचा टेम्पो चालवणाऱ्या एका वाचकाचे :

बाजारपेठेत माल उतरवायला राखीव जागा एकही नाही आणि पन्नास किलोचे पोते वाहनतळापासून खांद्यावर आणता येत नाही. उभे राहिलो की दंड, न राहिलो की दुकानदार दुसरा टेम्पो बोलावतो. त्यामुळे आमचे शेठ महिन्याच्या हिशेबाच्या वहीत डिझेल आणि हमालीच्या खाली “चलन” असा तिसरा रकाना आखून ठेवतात. मागच्या महिन्यात तो हमालीपेक्षा मोठा झाला, तेव्हा त्यांनी भाडे वाढवले.